घरातल्या ज्येष्ठांसाठी सरकारी आरोग्य विमा: कागदपत्रांपासून डिस्चार्जपर्यंत

आमच्या आत्याची सगळी कागदपत्रं एका पत्र्याच्या डब्यात असायची. रेशन कार्ड, पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. बाथरूममध्ये पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, त्या रात्री तो डबा पहिल्यांदा नीट उघडला. शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९५३ होतं आणि आधारवर १९५८. आधार काढताना कुणीतरी अंदाजाने साल सांगितलं होतं आणि नंतर कुणी ते पाहिलंच नव्हतं. आत्या बहात्तर वर्षांची होती, पण सरकारच्या लेखी सदुसष्ट. सत्तरीनंतर मिळणारं केंद्राच्या आरोग्य विम्याचं कार्ड तिला काढताच आलं नव्हतं.

ज्या रुग्णालयात नेलं, तिथल्या काउंटरवर "इथे योजना चालत नाही, आधी डिपॉझिट भरा" असं सांगितलं. आम्ही भरलं. दुसऱ्या दिवशी चहा आणायला खाली उतरलो, तर त्याच इमारतीत, लिफ्टच्या मागे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेतल्या रुग्णांना मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल दिसलं. त्याने डब्यातलं केशरी रेशन कार्ड पाहिलं आणि म्हणाला, "आजींचं नाव यात आहे ना? मग राज्याच्या योजनेतून होईल. आल्या आल्या माझ्याकडे का नाही आलात?" शस्त्रक्रिया योजनेतून झाली. डिपॉझिट परत मिळवायला मात्र बरेच हेलपाटे घालावे लागले.

योजना असतात, पैसेही असतात, पण आपल्या माणसाला त्यातलं नेमकं काय लागू आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं. ते माहीत करून घ्यायची वेळ माणूस धडधाकट असतानाची. एक दुपार पुरते. ती दुपार कशी वापरायची ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम: आधार कार्ड हातात घ्या

सत्तर वर्षांवरील नागरिकांसाठीच्या केंद्राच्या योजनेत वय फक्त आधारवरून ठरतं. शाळेचा दाखला, पेन्शनचं पुस्तक, मतदार ओळखपत्र यांतलं काहीही तिथे चालत नाही. म्हणून आधी जन्मतारीख बघा आणि ती घरातल्या सर्वांत जुन्या कागदाशी ताडून पाहा. चूक असेल तर पुरावा घेऊन आधार केंद्रावर दुरुस्ती करता येते, पण जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. अर्धवट पुराव्यावर घाई करू नका.

मग मोबाइल नंबर. आधारला जोडलेला नंबर आजही चालू आहे का? कित्येकदा तो बंद पडलेल्या सिमचा असतो, नाहीतर परगावी गेलेल्या मुलाचा. ओटीपी त्याच नंबरवर जातो, त्यामुळे पुढची सगळी प्रक्रिया तिथेच अडते. नंबर आधार केंद्रावर जाऊन बदलून घेता येतो.

शेतात, घरकामात आयुष्य गेलेल्यांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, ही फार मोठी अडचण. अशा वेळी "ठसे येत नाहीत, कार्ड निघणार नाही" असं कुणी म्हटलं तर ऐकून परत येऊ नका. ओटीपी, डोळ्याची बुबुळं किंवा चेहरा, यांपैकी कशानेही ओळख पटवता येते.

शेवटी नाव. आधारवर "लक्ष्मीबाई" आणि रेशन कार्डावर "लक्ष्मी", एकावर सासरचं आडनाव आणि दुसऱ्यावर माहेरचं, असा फरक आपल्याकडे घरोघरी सापडतो. आज तो किरकोळ वाटतो. भरतीच्या दिवशी त्यावरून तास न् तास जातात.

कोणता दरवाजा आपला?

*वय सत्तर किंवा जास्त.* ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून 'आयुष्मान वय वंदना कार्ड' सुरू झालं. आयुष्मान भारत योजना २०१८ पासून आहे, पण ती गरीब कुटुंबांच्या यादीवर चालायची. सत्तरीनंतर ती अट नाही. उत्पन्न कितीही असो, स्वतःचं घर असो, मुलगा परदेशात असो, आधारवर सत्तर पूर्ण असतील तर माणूस पात्र आहे. "ते गरिबांसाठी असतं, आपल्याला कशाला मिळेल" असं म्हणून मध्यमवर्गीय घरं हे कार्ड काढतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

संरक्षण वर्षाला ५ लाख रुपयांचं. हा आकडा कुटुंबाचा आहे. आई आणि बाबा दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. मात्र घर आधीपासून आयुष्मान भारतच्या यादीत असेल, तर घरातल्या सत्तरीपुढच्यांसाठी हे ५ लाख वेगळे, वरचे मिळतात आणि धाकट्या मंडळींच्या उपचारांवर ते खर्च होत नाहीत.

प्रतीक्षा काळ नाही, ही या योजनेची सर्वांत मोलाची गोष्ट. बाजारातली पॉलिसी घेतली की जुन्या आजारांसाठी वर्ष-दोन वर्षं, कधी तीन वर्षंही थांबावं लागतं. इथे वीस वर्षांचा मधुमेह असो की आधी झालेली बायपास, पहिल्या दिवसापासून संरक्षण लागू.

*वय साठ ते सत्तर, किंवा आधारचा घोळ सुटेपर्यंत.* यासाठी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती सुरू झाली, पुढे नाव बदललं आणि १ एप्रिल २०२० पासून ती आयुष्मान भारतसोबत एकत्रित राबवली जाते. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या कार्डधारकांसह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि दीड लाखाची मर्यादा ५ लाखांवर गेली. १ जुलै २०२४ पासून ते अमलात आहे. रेशन कार्ड नसेल तर तहसीलदारांचा अधिवास दाखला चालतो. या योजनेत वयाची अटच नाही.

माझ्या ओळखीत अजूनही अनेकजण म्हणतात, "आमचं पांढरं कार्ड, आम्हाला काही नाही." ते आता जुनं झालं. फक्त एक पाहा: रेशन कार्डावर त्या ज्येष्ठाचं नाव आहे ना? मुलाकडे शहरात राहायला आलेल्या आईचं नाव गावच्या कार्डातून कमी केलेलं असतं आणि शहरातल्या कार्डात चढवलेलंच नसतं. ती माऊली दोन्हीकडून सुटते.

*नोकरीतून निवृत्त झालेले.* केंद्र सरकारच्या पेन्शनरांना सीजीएचएस ही आरोग्य योजना आहे, माजी सैनिकांना २००३ पासून ईसीएचएस ही त्यांची आरोग्य योजना. या दोन्हींत बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधंही मिळतात, जी आयुष्मानमध्ये मिळत नाहीत. सत्तरीनंतर या मंडळींना आपली जुनी योजना ठेवायची की आयुष्मान घ्यायची यांतून निवड करावी लागते, दोन्ही एकत्र चालत नाहीत. माझं स्पष्ट मत, जुनी चालू ठेवा. औषधांचा महिन्याचा खर्च सुटणं ही म्हातारपणी लहान गोष्ट नाही.

कारखान्यात, कंपनीत काम करताना ज्यांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) पगारातून कापला जायचा, त्यांच्यासाठी एक फार कमी माहीत असलेली सोय आहे. किमान पाच वर्षं विमाधारक राहून नियत वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. घरात कुणी असं असेल तर जुनं ईएसआय कार्ड आणि निवृत्तीचं पत्र शोधाच. ईएसआय किंवा खासगी पॉलिसी असली तरी सत्तरीनंतर वय वंदना कार्ड काढता येतं.

खासगी मेडिक्लेमबद्दल थोडक्यात: सरकारी कार्ड निघालं म्हणून आधीपासून चालू असलेली जुनी पॉलिसी बंद करू नका. इतक्या वर्षांत जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ संपलेला असतो. पॉलिसी तुटली की तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

कार्ड काढताना

मोबाइलवर 'आयुष्मान' ॲप घ्या, किंवा बेनिफिशिअरी डॉट एनएचए डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर जा. मोबाइल नंबर टाकून लॉगिन करायचं. सत्तरीपुढच्यांच्या नोंदणीचा वेगळा पर्याय दिसतो, तोच निवडा. नेहमीच्या यादीत नाव शोधत बसलात तर "नाव सापडत नाही" असं येतं आणि लोक तिथेच सोडून देतात. आधार क्रमांक, ओटीपी, संमती, मग फोटो, पत्ता आणि कुटुंबातल्या सदस्यांची माहिती. केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, मंजूर झालं की कार्ड डाउनलोड होतं.

फोटो काढताना ज्येष्ठांना खिडकीसमोर, उजेडाकडे तोंड करून बसवा आणि चष्मा काढायला सांगा. आधारवरचा फोटो दहा-बारा वर्षांपूर्वीचा असतो, त्यामुळे चेहरा जुळायला वेळ लागतो. माझ्या सासऱ्यांचा फोटो तिसऱ्यांदा जुळला, तोही ट्यूबलाइट सोडून अंगणात गेल्यावर.

हे जमत नसेल तर जवळचं सामायिक सेवा केंद्र किंवा योजनेतलं रुग्णालय गाठा, आशाताईंना विचारा. फोन करून "तुमचं आयुष्मान कार्ड मंजूर झालंय, ओटीपी सांगा" म्हणणाऱ्याला काहीही सांगायचं नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना आजच बजावून ठेवा. कार्डासाठी कुणीही फोनवर ओटीपी मागत नाही.

फुले योजनेसाठी मूळ रेशन कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र एवढं तयार ठेवलं तरी भरतीच्या वेळी काम होतं.

काय मिळत नाही, हे आधी समजून घ्या

दोन्ही योजना रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. हृदयाच्या शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार, डायलिसिस, मोडलेली हाडं, मेंदूचे आजार हे त्यांचं क्षेत्र. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र यांचे पैसे त्यातून मिळत नाहीत. फक्त तपासण्या करून घेण्यासाठी भरती होणंही बसत नाही.

या रोजच्या खर्चासाठी वाटा वेगळ्या आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी, औषधं, भरती सगळं मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी ओपीडी असते, तिचा वार विचारून घ्या. बाहेरून औषधं घ्यावी लागत असतील तर जनऔषधी केंद्रावर तीच औषधं जेनेरिक नावाने बरीच स्वस्त मिळतात. त्यासाठी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. चष्मा, श्रवणयंत्र, कमरेचा पट्टा, काठी अशा वस्तूंसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे: वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, तर बँक खात्यात एकदाच ३,००० रुपये.

रुग्णालय आधीच ठरवून ठेवा

योजना सगळ्या रुग्णालयांत चालत नाही, अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील करून घेतलेल्या, रुग्णालयांतच चालते. त्यातही एक बारीक गोष्ट लोकांना माहीत नसते. रुग्णालय योजनेत असलं तरी त्याचा प्रत्येक विभाग योजनेत असतोच असं नाही. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. शिवाय काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. त्यामुळे "तुमच्याकडे योजना आहे का?" एवढं विचारून थांबू नका. "हृदयविकारासाठी योजना आहे का? अँजिओप्लास्टी होते का?" असं नेमकं विचारा.

घरातल्या ज्येष्ठाचा त्रास तुम्हाला माहीतच आहे. हृदयाचा असेल तर हृदयासाठी अंगीकृत असलेली दोन जवळची रुग्णालयं शोधा, एकदा प्रत्यक्ष जाऊन आरोग्यमित्राला भेटा आणि त्याचा नंबर लिहून आणा. केंद्राच्या योजनेची हेल्पलाइन १४५५५, राज्याच्या योजनेची १५५३८८. रुग्णालयांची नावं इथूनही कळतात.

आई सहा महिने तुमच्याकडे आणि सहा महिने बहिणीकडे परराज्यात राहत असेल, तर वय वंदना कार्डच उपयोगाचं. योजना लागू असलेल्या दुसऱ्या राज्यातल्या अंगीकृत रुग्णालयातही ते चालतं. फुले योजनेचा आधार मुख्यतः राज्यातच.

भरतीच्या दिवशी

घाबरलेल्या अवस्थेत माणूस पहिल्या दिसेल त्या काउंटरवर जातो आणि तिथे पैशाचीच गोष्ट होते. आत्याच्या वेळी मी नेमकं तेच केलं. दोघं असाल तर एकाने रुग्णाजवळ थांबा, दुसऱ्याने आरोग्यमित्राचं टेबल गाठा. अंगीकृत रुग्णालयात ते असतंच. दिसलं नाही तर मोठ्याने विचारा.

तो कार्ड किंवा रेशन कार्ड बघून ओळख पटवतो. मग रुग्णालय रिपोर्ट जोडून पूर्वमंजुरीची विनंती पाठवतं. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेत ही मंजुरी आल्याशिवाय टेबलावर घेऊ देऊ नका. मंजुरीआधी सुरू झालेल्या उपचारांवरूनच पुढे सगळे वाद होतात. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घ्यायची सोय आहे, कागदपत्रं मागाहून देता येतात. उपचार थांबवायचे नाहीत, पण "रुग्णाची नोंद योजनेतून करा" हे पहिल्या तासातच सांगायचं.

मंजूर पॅकेजमध्ये खाट, डॉक्टर, औषधं, तपासण्या, स्टेंट किंवा रॉडसारखी साधनं आणि रुग्णाचं जेवण येतं. तरीही "हे इंजेक्शन बाहेरून आणा", "चांगल्या कंपनीचा रॉड हवा तर वरचे पैसे भरा" अशी मागणी झाली, तर शांतपणे दोन गोष्टी करा: मागणी लिहून मागा आणि आरोग्यमित्राला कळवा. बहुतेक वेळा "लिहून द्या" म्हटल्यावरच विषय मिटतो. नाही मिटला तर तिथूनच हेल्पलाइनला फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवा. जिथे काही भरावं लागलं, तिथे पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. आम्हाला डिपॉझिट परत मिळालं ते त्या चुरगळलेल्या पावतीमुळेच.

आजार यादीत नसेल किंवा ५ लाख पुरले नाहीत तर

योजनेतल्या उपचारांच्या यादीत न बसणारा आजार निघाला तरी अजून एक दरवाजा उरतो: धर्मादाय रुग्णालयं. मुंबई-पुण्यातली कितीतरी मोठी, चकचकीत रुग्णालयं सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना यांनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो काढायला वेळ जातो, म्हणून ज्या घरांना लागू आहे त्यांनी तो दरवर्षी काढून ठेवावा. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन "धर्मादाय कोट्यातली खाट" असा शब्द वापरून अर्ज द्या. दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. तरीही कमी पडलं तर मुख्यमंत्री सहायता निधीच्या वैद्यकीय कक्षाकडे अर्ज.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना ही धावपळ करायला कुणी नसेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन माहिती आणि मार्गदर्शन देते.

घरी सोडताना

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घरी जायची घाई असते. जरा थांबा. आयुष्मानमध्ये भरतीआधीचे ३ दिवस आणि सुटल्यानंतरचे १५ दिवस यांतल्या तपासण्या आणि औषधंही धरलेली आहेत. म्हणजे घरी न्यायच्या गोळ्या रुग्णालयातूनच मिळायला हव्यात. त्या मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर फेरतपासणीची तारीख, टाके काढायचा दिवस, आणि त्यासाठी पैसे लागणार नाहीत ना, हे आरोग्यमित्रासमोर विचारा. ज्या कागदावर तुमची किंवा रुग्णाची सही घेतात तो वाचा. त्यावर लिहिलेला उपचार तोच असला पाहिजे जो झाला, आणि रक्कमही बघा, कारण वर्षाच्या ५ लाखांतून तेवढी वजा होते.

आत्याचा डबा आता माझ्याकडे आहे. आधारवरचं साल दुरुस्त झालं, वय वंदना कार्ड निघालं. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय: दोन हेल्पलाइन नंबर, दोन रुग्णालयांची नावं, आरोग्यमित्राचा फोन, आत्याचा रक्तगट आणि रोजच्या गोळ्या. अक्षर मोठं काढलंय, चष्मा न लावता शेजारच्या काकूंनाही वाचता येईल इतकं.